पुरावा शोधणं हे तिचं काम नाही

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन ठाण्यात गेल्यावर पुढे काय होतं, काय व्हायला हवं आणि ते होत नसेल तर काय करायचं. पत्रांतली नावं, गावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. माझी सारी नोकरी पोलीस खात्यात गेली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या ठाण्यांत. म्हणून ही उत्तरं खात्यात राहिलेल्या बाईची आहेत, पण खात्याची बाजू सावरायला लिहिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझी भाची पुण्यात एका दुकानात कामाला आहे. वय बावीस. मालकाच्या ओळखीच्या एका माणसाने दुकान बंद झाल्यावर तिच्यावर बळजबरी केली. ती रात्रीच्या एसटीने आमच्याकडे निघून आली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन इथल्या ठाण्यात गेलो, तर म्हणाले, घटना पुण्याची आहे, तिथेच तक्रार द्या. तिने अंघोळ केलेली, कपडे धुतलेले. ‘आता पुरावा काय राहिला?’ असंही बोलले. आम्ही परत आलो. पोरगी बोलत नाही, जेवत नाही. काय करू?
— एक मावशी

उत्तर : मावशी, तुम्ही पत्रावर नंबर दिला होता म्हणून अंक निघायची वाट न बघता मी त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तेव्हा बोलले तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण ‘तिथेच जा’ हे उत्तर ऐकून घरी परतलेली तुमची एकटीची भाची नाही.

हद्दीचा प्रश्न पोलिसांनी आपसात सोडवायचा असतो, बाईने नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. ठाण्याने तो शून्य क्रमांकाने दाखल करायचा आणि पुण्याच्या ठाण्याकडे वर्ग करायचा. यालाच सगळे झिरो एफआयआर म्हणतात. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. ठाण्यात त्या वेळी कोणी महिला नसेल तर शेजारच्या ठाण्यातून किंवा नियंत्रण कक्षाला सांगून बोलावून घ्यायची. ‘मॅडम रजेवर आहेत, उद्या या’ हे उत्तर नव्हे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते आणि ती हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही.

‘आधी चौकशी करू, मग बघू’ असंही सांगितलं जातं. नव्या कायद्यात चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, पण ती तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, आणि तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने. बलात्काराला किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे, तिथे ही सोय लागू नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी आहे. हे कलम ठाण्यात आवाज न चढवता, शांतपणे उच्चारावं. समोरचा अंमलदार ते ओळखतो.

तरीही नकार मिळाला तर? बोलणाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर टिपून घ्या. जे घडलं ते साध्या कागदावर दोन प्रतींत लिहा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाचं शहर असेल तर उपायुक्तांना. त्यानेही हललं नाही तर शपथपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात.

पण मावशी, फोनवर मी तुम्हाला यातलं काहीच आधी सांगितलं नाही, ते आठवत असेल. आधी सांगितलं ते सरकारी दवाखान्यात जायला. एफआयआर नसला तरी दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. पोलिसांना कळवण्याचं काम मग दवाखानाच करतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांपर्यंत देतात. तिचं शरीर आधी, मग कागद.

आता अंघोळीचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शरीरावरचे नमुने शहाण्णव तासांपर्यंत घेतले जातात. अंघोळ केली म्हणून ते घ्यायचेच नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही. धुतलेल्या कपड्यांवरही कधी कधी डीएनए मिळतो. ते कपडे घडी करून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना कुजतो. आणि समजा शरीरावर, कपड्यांवर काहीच मिळालं नाही, तरी दुकानातला कॅमेरा आहे, समोरच्या मेडिकलचा कॅमेरा आहे, स्वारगेटसारख्या स्थानकात ती कोणत्या अवस्थेत एसटीत चढली ते टिपणारा कॅमेरा आहे, तिकीट आहे, तिने वाटेतून कोणाला फोन केला असेल तर त्याची नोंद आहे, त्या माणसाचा मोबाइल त्या वेळी कोणत्या टॉवरखाली होता ते आहे. हे सगळं जमवायला तपास अधिकारी पगार घेतो. ‘पुरावा काय राहिला’ हा प्रश्न पोलिसाने स्वतःला विचारायचा आणि मग उठून शोधायला जायचं. तो तिला विचारायचा नसतो. घाई एवढ्यासाठीच की कॅमेऱ्यांच्या यंत्रात जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढत जातं. ‘आधी पुण्याला जा’ म्हणत जे दिवस जातात त्यांत हेच वाया जातं, आणि नंतर न्यायालयात उशिराचा जाब विचारला जातो तो मात्र मुलीला.

प्रश्न : मी फिर्याद दिली, नंतर पुन्हा जबाब घेतला, नंतर न्यायाधीशांसमोर नेलं. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यांना माझं खरं वाटत नाही का? आणि एका प्रश्नाचं उत्तर मी जसं दिलं तसं लिहिलंच नाही.
— नाव न देता

उत्तर : दर वेळच्या सांगण्यामागे अविश्वासच असतो असं नाही. पहिली फिर्याद गुन्हा दाखल करण्यासाठी. तपासात नवं काही पुढे आलं की पुरवणी जबाब. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो आणि गुन्हा कळल्याबरोबर तो घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. शक्यतो महिला न्यायदंडाधिकारी घेतात. त्या नसतील तर दुसऱ्या बाईच्या उपस्थितीत. हा जबाब तुमच्या बाजूचा आहे. पुढे कोणी दबाव आणला, साक्षीदार फुटले, तरी तुम्ही सुरुवातीला न्यायाधीशासमोर काय सांगितलं होतं ते जागेवर राहतं.

काही प्रश्न लाज वाटावी इतके बारीक असतात. नेमकं काय केलं, कुठे हात लावला, कपडे कोणी काढले. ते विचारावे लागतात, कारण कलम त्यावर ठरतं: बलात्कार न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, विनयभंग ७४ मध्ये, बळजबरीने विवस्त्र करणं ७६ मध्ये. पण ‘तुझं आधी कोणाशी होतं का’, ‘इतक्या रात्री बाहेर कशाला’, ‘एवढे दिवस गप्प का बसलीस’ हे तपासाचे प्रश्न नाहीत. संमतीचा वाद असेल तिथे बाईचं चारित्र्य आणि पूर्वीचे संबंध गैरलागू, असं नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये लिहिलं आहे. दवाखान्यातही तेच. योनीत दोन बोटं घालून करायची ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चूक ठरवली आणि २०२२ मध्ये तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं. तपासणीला तुमची संमती लागते. एखाद्या भागाला नाही म्हणायचा अधिकार आहे आणि तेवढ्यावरून उपचार नाकारता येत नाहीत.

तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘जसं सांगितलं तसं लिहिलं नाही.’ ठाण्यात फिर्याद लिहिणाऱ्याच्या हातात तयार वाक्यं बसलेली असतात. मुलगी सांगते, ‘जेवणं झाली होती, मी भांडी घासत होते.’ लिहिणारा लिहितो, ‘रात्री साडेआठ वाजण्याच्या सुमारास घरातील टीव्ही पाहत असताना.’ हे मी कल्पनेतून रचलेलं नाही, माझ्या पाहण्यातल्या एका खटल्यातलं आहे. मुलीच्या घरात घड्याळ नव्हतं. हवालदाराला वेळ हवी होती, त्याने अंदाजाने घातली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. काही वर्षांनी साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलांनी वीज कंपनीचा दाखला पुढे केला. त्या फिडरवर साडेआठला भारनियमन होतं. मग टीव्ही कसा चालू होता? त्या मुलीने न बोललेल्या वाक्यावर तिची अर्धी उलटतपासणी झाली. शिक्षा लागली, कारण बाकीचा पुरावा भक्कम होता. पण साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरल्यावर ती मला म्हणाली, ‘मॅडम, मी खोटं बोलले असं सगळ्यांना वाटलं ना?’

म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, किंवा वाचून दाखवायला लावा. कायद्यातच ते आहे. वेळ आठवत नसेल तर ‘वेळ आठवत नाही’ असंच लिहायला सांगा. क्रम चुकला असेल तर खोडून तिथे सही करा. तुमची बोली वेगळी असेल, गोरमाटी, भिली, गोंडी, तर ती जाणणारी बाई सोबत मागा. बलात्काराच्या गुन्ह्यात तुमचा जबाब तुमच्या घरी किंवा तुम्ही सांगाल त्या जागी, महिला अधिकाऱ्याने, शक्यतो तुमच्या आईवडिलांसमोर किंवा जवळच्या कोणासमोर घ्यायचा असतो आणि मोबाइलवर चित्रित करता येतो. तसं मागा. आता जे चुकीचं लिहिलं गेलं आहे त्यासाठी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब मागा. दोषारोपपत्र जाण्याआधी हे झालं तर बरं.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरीतल्या एका मुलीने मला शाळेतल्या कर्मचाऱ्याबद्दल जे सांगितलं ते ऐकून हातपाय गळाले. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शाळेची समिती चौकशी करेल, मग ठरवू.
— एक शिक्षिका

उत्तर : ठरवण्यासारखं काही नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ खाली ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर ती एक वर्षापर्यंत आहे. आज, आत्ता. ११२ (पोलीस) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) वर फोन करा आणि मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिने जे शब्द वापरले ते तारखेसकट वहीत उतरवून ठेवा. तिचा जबाब तिच्या घरी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिलेने घ्यायचा असतो. लहान मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि त्यानंतर सगळं शहर रेल्वे रुळांवर उतरलं. ते तासन्‌तास वाया जातात ते शाळेत आणि ठाण्यात, दोन्हीकडे. तुमच्या शाळेत ते जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीच्या प्रकरणात पोलिसांनी ‘ब समरी’ पाठवली असं कळलं. डॉक्टरांच्या अहवालात जखमा नाहीत, म्हणून तक्रार खोटी, असं म्हणतात. सगळं संपलं का?
— एक वडील

उत्तर : नाही, संपलं नाही. आणि यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात ही अ, ब, क ची भाषा ठाण्याबाहेर कोणी समजावून सांगत नाही. तपासाअंती दोषारोपपत्र पाठवायचं नसेल तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अंतिम अहवाल पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. ब म्हणजे फिर्याद खोटी, द्वेषाने दिलेली. क म्हणजे खरीही नाही आणि मुद्दाम खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. तुमच्या मुलीवर ‘ब’ मारणं म्हणजे ‘पुरावा मिळाला नाही’ असं म्हणणं नव्हे. तिने जाणूनबुजून खोटं रचलं, असं म्हणणं आहे. आणि जखमा नसणं हा त्याचा आधार होऊच शकत नाही.

आपल्याच राज्यातली गोष्ट सांगते. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. कारणांतलं एक हेच: अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये लिहिलेलं आहे की अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येत नाही. भीतीने माणूस गोठतो. हे ज्या तपास अधिकाऱ्याला अजून कळलेलं नाही, त्याने या गुन्ह्यांचा तपास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही काय करायचं? पोलीस समरी फक्त मागतात. ती मंजूर करायची की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. भगवंत सिंग प्रकरणात १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे. नोटिशीच्या तारखेला गैरहजर राहू नका. बऱ्याच समऱ्या अशाच मंजूर होतात, समोर कोणी उभंच नसतं म्हणून. समरी अहवालाची आणि सोबतच्या जबाबांची नक्कल मागा. मग वकिलामार्फत हरकत अर्ज द्या. अर्जात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. काय तपासलं नाही ते एकेक लिहा. अमुक दुकानाचं चित्रण ताब्यात घेतलं नाही. मुलीने त्या रात्री मैत्रिणीला पाठवलेला मेसेज पाहिला नाही, मैत्रिणीचा जबाब नाही. आरोपीचा मोबाइल जप्त नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेला पाठवलेल्या मुद्देमालाचा सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषणाचा अहवाल) यायच्या आधीच समरी पाठवली. शेवटचं हे फार वेळा घडतं, तारखा ताडून बघा. न्यायदंडाधिकारी पुढील तपासाचे आदेश देऊ शकतात, किंवा पोलिसांचं मत बाजूला ठेवून थेट दखल घेऊ शकतात.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. आणि एक लक्षात ठेवा. बलात्काराचा तपास खबर मिळाल्यापासून दोन महिन्यांत पुरा करायचा असतो, आणि नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं असतं, अगदी मोबाइलवर मेसेज करूनही. तुम्हाला ‘कळलं’ ते कुणाकडून तरी. कायद्याप्रमाणे ते त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. तेही अर्जात लिहा.

प्रश्न : गावात बैठक झाली. तंटामुक्तीवाले आणि पोलीस पाटील म्हणतात, पोरीचं लग्न त्याच्याशीच लावून टाका, किंवा पैसे घ्या आणि मिटवा. ठाण्यातूनही ‘आपसात बघा’ असंच सुचवलं.
— एक भाऊ

उत्तर : तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये निघाली ती बांधाच्या, वाटणीच्या, किरकोळ मारामारीच्या भांडणांसाठी. बलात्कार हा तंटा नाही. तो आपसात मिटवता येणारा गुन्हाच नाही. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे, आणि मार्च २०२१ मध्ये न्यायालयांनीही लग्नाची किंवा तडजोडीची सूचना करू नये असं बजावलं आहे. पोलीस पाटलाचं काम गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे आहे, बैठक बसवणं हे नाही. कोण काय बोललं ते तारखेसह लिहून अधीक्षकांना पाठवा. धमकी असेल तर साक्षीदार म्हणून संरक्षण मागता येतं. पैशाचं म्हणाल तर शासनाची मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळतं, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. त्यासाठी आरोपीला शिक्षा व्हायची वाट बघावी लागत नाही. ते पैसे घेताना मान खाली घालायचं काही कारण नाही. आरोपीच्या घरचे पैसे मात्र घेऊ नका, एक रुपयाही नाही.

प्रश्न : मी पुरुष आहे, वय सत्तावीस. माझ्याबरोबर हे झालं आहे. पोलीस हसतील का?
— नाव नाही

उत्तर : जो हसेल त्याची तक्रार करा. तुमच्यावर गुन्हा घडला आहे. कायद्यात मात्र मोठी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जुन्या दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक संभोगा’चं कलम ३७७ नव्या न्याय संहितेत आलंच नाही, आणि बलात्काराची व्याख्या बाईपुरती आहे. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलम ३७७ लागू होतं. नंतरची असेल तर दुखापत, डांबून ठेवणं, धमकी, बळाचा वापर अशी कलमं लावून गुन्हा दाखल होतो. वकिलाला सोबत घेऊन जा. अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना पोक्सोचं पूर्ण संरक्षण आहे, तिथे मुलगा-मुलगी भेद नाही. दवाखान्यांसाठीच्या आरोग्य मंत्रालयाच्या त्या मार्गदर्शक सूचना तुम्हालाही लागू आहेत. आधी तिथे जा. एवढं लिहिलंत, हे फार मोठं काम केलंत.

प्रश्न : मॅडम, मी शिपाई म्हणून भरती झाले. ठाण्यात आम्ही दोघीच महिला. असा गुन्हा आला की रात्री-बेरात्री मलाच बोलावतात. समोर बाई रडायला लागली की काय बोलावं सुचत नाही. घरी गेल्यावर झोप लागत नाही.
— एक महिला पोलीस

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं, सावकाश लिहावं म्हणून.

ती आली ती वेळ आधी स्टेशन डायरीत टाक. साहेब येईपर्यंत थांबू नकोस. तिला अंमलदाराच्या टेबलासमोर बसवू नकोस, जिथे येणारा-जाणारा बघतो. कुठलीही खोली चालेल, फक्त दार लावता आलं पाहिजे. पाणी दे. सोबत कोण आलं आहे ते विचार, आणि तिला एकटीला विचार की त्या माणसाला आत ठेवायचं का. कधी कधी सोबत आलेला दीर नाहीतर चुलता आरोपीचाच नात्यातला असतो आणि तो तिच्या आधी बोलायला लागतो. त्याला बाहेर चहाला पाठव.

तिला एकदा सगळं सांगू दे. मध्ये टोकू नकोस, लिहूही नकोस. रडली तर रडू दे, गप्प बसणं चालतं. काही बोलायलाच हवं असं नाही. दुसऱ्यांदा सांगताना लिहायला घे. ‘मग काय झालं?’ एवढा प्रश्न पुरतो. ‘का’ ने सुरू होणारे प्रश्न टाळ. का गेलीस, का ओरडली नाहीस, असं विचारलं की ती सांगणं सोडून खुलासे द्यायला लागते, आणि मग आपल्याला माहिती मिळत नाही. तिचे शब्द तसेच लिही, अशुद्ध वाटले तरी.

आपण तिचे अंगावरचे कपडे मुद्देमाल म्हणून जप्त करतो. ती घरी काय नेसून जाणार, याचा विचार फार थोडी ठाणी करतात. ठाण्याच्या कपाटात दोन-तीन गाऊन, सलवार-कुडते, आतले कपडे, सॅनिटरी पॅड ठेवायला सांग. गावातल्या बचत गटाच्या बायका आनंदाने देतील. मी तसंच जमवत असे. कागदी पिशव्याही ठेव. वैद्यकीय तपासणी खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत व्हायला हवी, म्हणून जबाब लांबला तर तो तसाच थांबवून आधी दवाखान्यात ने. जाताना तिचा असा नंबर घे जो खरंच तिच्या हातात असतो. घरातल्या फोनवर निरोप ठेवू नकोस.

आता तुझं. झोप लागत नाही हे तुझ्या प्रभारी अधिकाऱ्याला सांग, लेखी सांग, त्यात कमीपणा नाही. कायद्याने महिला अधिकारी हवी म्हटलं आहे. दर रात्री तीच महिला हवी असं म्हटलेलं नाही. शेजारच्या दोन ठाण्यांतल्या महिलांची मिळून पाळी लावता येते, उपविभागीय अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर एका आदेशाचं काम आहे. आणि ज्या दिवशी असा जबाब घेतलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुला बंदोबस्ताला पाठवू नये, एवढं तरी त्यांना सांग. माझं हे उत्तर त्यांच्या टेबलावर ठेवलंस तरी माझी हरकत नाही.